निधनवार्तांवरून शहरातील दिवंगतांची नोंदवही कशी तयार करावी

शहरातील मान्यवरांची आठवण जपण्यासाठी निधनवार्तांची कात्रणे वहीत डकवत जावीत, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो अर्धवट आहे. दहा वर्षांनी वही उघडली की कात्रण कोणत्या दैनिकाच्या कोणत्या अंकातले हे कळत नाही आणि त्यातील ‘आज पहाटे’ या शब्दांना काही अर्थ उरलेला नसतो. मी अनेक वर्षे पुण्यातील दिवंगतांच्या नोंदी करीत आलो आहे, म्हणून पुढील उदाहरणे बहुतेक पुण्याची आहेत.

कोणाला घ्यायचे याचा निकष आधी ठरवावा आणि तो मध्येच बदलू नये. जुन्या अंकांच्या बांधीव फायली सार्वजनिक ग्रंथालयात बसून पाहाव्यात. प्रत्येक नोंदीत वर्तमानपत्राचे नाव, अंकाची तारीख, आवृत्ती आणि पान लिहावे. बातमी, कुटुंबीयांनी दिलेली जाहिरात आणि नंतर आलेला मृत्युलेख ही तीन निरनिराळी साधने आहेत, तेव्हा तिन्ही पाहावीत.

खरी कसोटी मृत्यूची तारीख ठरवताना लागते. सुरुवातीला मी अंकाची तारीख हीच मृत्यूची तारीख समजून चाळीसेक नोंदी केल्या आणि त्या सगळ्या पुन्हा तपासाव्या लागल्या. दैनिकातील ‘काल’ आणि ‘आज’ हे शब्द बातमी लिहिली त्या दिवसाचे असतात, अंक हाती पडला त्या दिवसाचे असतीलच असे नाही. बाहेरगावच्या आवृत्तीत तीच बातमी आणखी एका दिवसाने येऊ शकते. साप्ताहिकांत हे अंतर याहून मोठे असते. गोपाळ कृष्ण गोखले १९ फेब्रुवारी १९१५ रोजी, शुक्रवारी, पुण्यात वारले. ‘केसरी’ त्या काळी मंगळवारी निघत असे, म्हणजे पुढचा अंक २३ तारखेचा. एवढ्यावरून तारीख लिहिणारा माणूस चार दिवसांनी चुकेल. म्हणून वार्तेत वार दिला असेल, तर तो दिनदर्शिकेशी ताडल्याशिवाय पुढे जाऊ नये.

दुसरा सापळा मध्यरात्रीचा आहे. इंग्रजी तारीख रात्री बारा वाजता बदलते, तर पंचांगाचा वार सूर्योदयाला. लोकमान्य टिळकांचे देहावसान मुंबईच्या सरदारगृहात मध्यरात्र उलटल्यानंतर झाले, म्हणून त्यांची पुण्यतिथी १ ऑगस्टची, मात्र ज्यांनी ती रात्र जागून काढली त्यांच्या लेखी ती ३१ जुलैचीच रात्र होती. घरातील मंडळी ‘शनिवारी रात्री गेले’ असे सांगतात तेव्हा ती खोटे बोलत नसतात. वेळ विचारावी, आणि ती कळली नाही तर दोन्ही तारखा लिहून मध्ये ‘रात्र’ असा शब्द ठेवावा. अंदाजाने एक तारीख निवडणे हा अप्रामाणिकपणा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

जुन्या वार्तांत शक आणि तिथी दिलेली असते. शकात ७८ मिळवा असे जो तो सांगतो, परंतु हे गणित १ जानेवारी ते फाल्गुनअखेर या काळात चुकते, तेव्हा ७९ मिळवावे लागतात. गोखल्यांचा मृत्यू शके १८३६ मधला आहे. ७८ मिळवल्यास १९१४ येईल आणि नोंद एक वर्ष मागे जाईल. तिथीवरून तारीख काढायची तर त्या वर्षीचे पंचांगच पाहावे, आणि अधिक मास होता की नाही हेही.

वयाचे तसेच. ‘१०५व्या वर्षी निधन’ म्हणजे पूर्ण झालेली वर्षे १०४. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ चा आणि मृत्यू ९ नोव्हेंबर १९६२ चा, म्हणून दोन वर्तमानपत्रांनी हे दोन वेगळे आकडे दिले तरी दोन्ही बरोबर ठरतात. वयावरून जन्मवर्ष काढून ते ठामपणे लिहिणाऱ्यांनी हे उदाहरण लक्षात ठेवावे.

नावांच्या बाबतीत घरगुती संबोधनावर विसंबू नये. पुण्यात अण्णा म्हणजे महर्षी कर्वे आणि अण्णा म्हणजे भीमसेन जोशीही. नारायण श्रीपाद राजहंस या नावाखाली शोधणाऱ्याला बालगंधर्व सापडायचे, तर टोपणनाव आणि पूर्ण नाव ही दोन्ही सूचीत हवीत. स्त्रियांच्या नोंदीत माहेरचे नाव मिळेल तेथे अवश्य द्यावे, कारण लग्नापूर्वीचे काम त्याच नावावर असते.

पत्ता वार्तेत असेल तसाच, पेठ आणि घर क्रमांकासह, उतरवावा. १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुरात नदीकाठची कित्येक घरे पडली, तेव्हा त्याआधीचा पत्ता आजच्या इमारतीशी जुळवण्याचा हट्ट धरू नये. हयात कुटुंबीयांची नावे आणि सध्याचे पत्ते मात्र नोंदवहीत येऊ देऊ नयेत.

नंतर चूक आढळली तर जुनी नोंद खोडून टाकू नये. शेजारी दुरुस्ती, तिचा आधार आणि ती केल्याचा दिनांक लिहावा, म्हणजे आधीच्या नोंदीवरून कोणी लिहिले असेल तर त्याला आपली चूक कोठून आली ते कळेल.