तरंग समीकरण शिकताना दोन मितींपाशी घाई करू नका

कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाच्या पदार्थविज्ञान अधिविभागात किंवा परिसरातील एखाद्या महाविद्यालयात यंदा एम. एस्सी.ला प्रवेश घेणाऱ्यांना ताणलेल्या तारेचे तरंग समीकरण, म्हणजे तारेवरून तरंग कसा सरकतो हे सांगणारे समीकरण, ठाऊक असतेच. त्यामुळे फ्रेंच गणितज्ञ दालांबेर यांनी १७४७ साली मांडलेली उकल येथे पुन्हा सांगत नाही. सांगायचे आहे ते एवढेच, की एक आणि तीन मिती समजल्या म्हणजे दोन मिती आपोआप समजतील, असे मुळीच गृहीत धरू नका. मी स्वतः या ठिकाणी फार काळ अडकून पडलो होतो.

तीन मितींत बिंदुस्रोतापासून निघालेल्या गोलीय तरंगाच्या विस्थापनाला अंतराने गुणले, की मिळणारी राशी तारेचेच समीकरण पाळते. म्हणून आयाम, म्हणजे तरंगाचे कमाल विस्थापन, अंतराच्या व्यस्त प्रमाणात घटतो, पण तरंगाचा आकार टिकतो. दोन मितींत अंतराच्या वर्गमुळाने गुणून पाहा. तारेच्या समीकरणाखेरीज एक जादा पद शिल्लक राहते. त्याच्या छेदात अंतराचा वर्ग असल्याने ते दूरवर नगण्य ठरते, स्रोताजवळ मात्र नाही. ‘आयाम वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात’ हे पाठ केलेले सूत्र केवळ दूरच्या तरंगांना लागू पडते, आणि नेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षेसाठी फिरणाऱ्या सूत्रांच्या झेरॉक्समध्ये नेमकी हीच अट गळालेली असते. अशा झेरॉक्सवर माझा विश्वास नाही. फळ्यावर प्रत्येक पायरी लिहिणारे शिक्षक संथ वाटले, तरी त्यांचा तास चुकवू नका.

दुसरा फरक अधिक खोल आहे. तीन मितींत क्षणिक स्पंद पुढे निघून गेला, की मागे काहीच उरत नाही. दोन मितींत अग्रभाग ठरल्या वेळी पोहोचतो, पण त्याच्यामागे हळूहळू क्षीण होत जाणारी शेपूट राहते. याचे कारण असे, की दोन मितींतील बिंदुस्रोत म्हणजे तीन मितींतील अनंत लांबीचा सरळ रेषास्रोत होय; त्याच्या जवळच्या भागाचा संदेश आधी येतो आणि दूरच्या भागांचे संदेश मागाहून येतच राहतात. वळवाच्या पावसातला गडगडाट लांबण्यामागेही हे एक कारण असते, कारण विजेचा मार्ग काही किलोमीटर लांब असू शकतो. येथे रंकाळा तलावावरील तरंगांचे उदाहरण घेण्याचा मोह टाळावा. पाण्याच्या पृष्ठभागावरील तरंगांचा वेग तरंगलांबीनुसार बदलतो, त्यामुळे ते हे साधे समीकरण पाळत नाहीत. हलगीचे ताणलेले कातडे त्याहून योग्य ठरेल.

दोन मितींच्या उकलीत येणारी बेसेल फलने पाहून धीर सोडू नका. सरावाने ती साइन-कोसाइनइतकीच ओळखीची होतात. सुरुवातीला मितींची संख्या मोकळी ठेवून, अंतराच्या योग्य घाताने गुणण्याचे वरचेच गणित एकदा स्वतः करा. जादा पदाचा सहगुणक ‘मिती वजा एक’ आणि ‘मिती वजा तीन’ यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात येतो, म्हणून तो एक आणि तीन मितींतच शून्य होतो. मात्र शेपटीचे कारण हेच पद, असा निष्कर्ष काढू नका: पाच मितींत हे पद उरते, तरीही तेथे शेपूट नसते.