ब्लॅकबेरी एंटरप्राइझ सर्व्हर ५ (कंपनीचा मेल ब्लॅकबेरी फोनवर पोचवणारं जुनं सॉफ्टवेअर; जुन्या ब्लॅकबेरी फोनच्या सेवा २०२२ मध्ये बंद झाल्या) : अपग्रेड करताना आणि केल्यावर

आधी 'बीईएसएमजीएमटी' या सर्व्हरच्या डेटाबेसचा पूर्ण बॅकअप घ्या. सेटअप स्कीमा (डेटाबेसची रचना) बदलतो; मग मागे फिरायला तोच एक रस्ता उरतो. सेटअप 'बीईएसअ‍ॅडमिन' या सर्व्हिस अकाउंटनेच (ज्या खात्यावर सर्व्हर चालतो त्याने) लॉगिन करून चालवा. फायरवॉलवर टीसीपी ३१०१ हा पोर्ट फक्त बाहेर जाण्यासाठी उघडा.

नंतरची नेहमीची तक्रार : फोनवर मेल येतो, पण जात नाही. 'सेंड अ‍ॅज' परवानगी, म्हणजे सर्व्हिस अकाउंटला युजरच्या नावाने मेल पाठवू देणारी परवानगी, तपासा. दिलेली परवानगी तासाभरात गायब होत असेल, तर तो युजर डोमेन अ‍ॅडमिन्ससारख्या संरक्षित गटात आहे. अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी (विंडोज नेटवर्कमधली युजर आणि परवानग्यांची नोंदवही) दर ६० मिनिटांनी त्याच्या परवानग्या पुन्हा ठरावीक साच्यात बसवते. मेलसाठी त्याला वेगळं, साधं अकाउंट द्या. गटातून नुसतं काढून भागत नाही, इनहेरिटन्सची (वरच्या पातळीच्या परवानग्या आपोआप लागू होण्याची) खूणही हाताने परत लावावी लागते.