लॅटिन पुस्तकावर छापलेलं गाव कसं ओळखावं

जुन्या लॅटिन ग्रंथाच्या शीर्षकपानावर तळाशी, सालाच्या जवळ, छापखान्याचं गाव असतं. ते आहे तसं नकाशात शोधू नका. 'नाशकात' नकाशात मिळत नाही, आधी 'नाशिक' करावं लागतं, इथंही तेच. गाव 'अमुक गावी' या रूपात छापतात आणि त्यासाठी नामाचा शेवट बदलतो, आपल्या 'घरी', 'गावी'सारखा. ही सोय गावांना आणि लहान बेटांनाच. देशाच्या नावाआधी 'इन' लागतं. नावापुढे 'अपुद' दिसलं, तर त्यानंतरचं नाव मुद्रकाचं.

आता शेवटची रोमन अक्षरं बघा. ए-ई असतील तर ई काढा: 'होल्मिआए'चं 'होल्मिआ', म्हणजे स्टॉकहोम. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसच्या १७५३ च्या 'स्पीशीज प्लांटारम'वर हेच आहे. प्राचीन भूगोलकार टॉलेमीच्या ग्रंथातली 'नासिका' म्हणजे नाशिक मानतात. नाशकात छापलेल्या पुस्तकावर 'नासिकाए' आलं असतं.

शेवटी आय असेल तर तो काढून यू-एम लावा, नाही जुळलं तर यू-एस. 'आम्स्टेलोदामी'चं होतं 'आम्स्टेलोदामुम', ॲमस्टरडॅम. मलबारच्या वनस्पतींवरच्या 'हॉर्टुस मलाबारिकुस'चे १२ खंड (१६७८ ते १६९३) तिथलेच. त्यात कोकणी वैद्यांचं नागरी लिपीतलं प्रमाणपत्र आहे. वनस्पतींच्या अभ्यासकांनी ते जरूर पाहावं.

आय-एस म्हणजे बहुतेक वेळा अनेकवचनी नाव. 'वेनेतिइस'चं 'वेनेतिआए', व्हेनिस. 'पारिसिइस'चं 'पारिसिई', हे मूळ टोळीचं नाव, त्यांचं गाव लुतेतिआ. म्हणून नुसतं 'लुतेतिआए' दिसलं तरी पॅरिसच.

शेवटी एकटा ई असेल तर सहसा आधीचा एनही जातो: 'ओलिसिपोने', 'ओलिसिपो', लिस्बन.

सर्वांत जास्त चुका लुग्दुनुमच्या होतात. यातलं 'दुनुम' म्हणजे केल्टिक भाषेतला किल्ला, आणि असे किल्ले बरेच होते. नुसतं 'लुग्दुनी' म्हणजे फ्रान्समधलं ल्यों. 'लुग्दुनी बातावोरुम' म्हणजे मात्र हॉलंडमधलं लायडन. 'ओरुम' किंवा 'आरुम' हा षष्ठीचा अनेकवचनी शेवट, 'बातावी लोकांचं'. तो शब्द बदलू नका आणि सोडूही नका, कारण गावाची ओळख त्यातच आहे. पुष्कळदा तो 'बात.' एवढाच, टिंब देऊन छापलेला असतो. तेवढ्यावरून दुर्लक्ष झालं की लायडनचं पुस्तक फ्रान्सच्या नावावर नोंदवलं जातं.