रिलीजच्या कामात नवीन आहात? आधी लॉक फाईल वाचायला शिका

आमच्या टीममध्ये नवीन येणाऱ्यांना मी सुरुवातीला प्रोजेक्टची पॅकेज-लॉक फाईल (प्रत्येक पॅकेजची नेमकी कुठली आवृत्ती बसवली याची नोंद) उघडून देते आणि विचारते, यातली किती पॅकेजेस, म्हणजे इतरांनी लिहिलेले तयार कोडचे गठ्ठे, आपण स्वतः मागवली? आपण मागवलेल्यांची यादी पॅकेज.जेसन या फाईलमध्ये असते, तिच्यात फार तर तीस-चाळीस नावं असतात. लॉक फाईलमधला आकडा सहज हजाराच्या घरात जातो. उरलेली सगळी आपल्या पॅकेजेसनी आणि त्यांच्याही पॅकेजेसनी सोबत आणलेली. हा गोतावळा घेऊनच आपलं सॉफ्टवेअर ग्राहकाकडे जातं. म्हणून ज्या आवृत्त्यांवर टेस्टिंग झालं, नेमक्या त्याच ग्राहकाकडे गेल्या पाहिजेत. रिलीजचं निम्मं काम याच एका गोष्टीभोवती फिरतं.

मी नोडवर (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारी प्रणाली) काम करते, म्हणून उदाहरणं एनपीएम या तिच्या पॅकेज बसवणाऱ्या साधनाची. पायथन किंवा जावावाल्यांच्या कमांड वेगळ्या असतील, प्रश्न हेच असतील.

आवृत्तीचे तीन आकडे, उदाहरणार्थ १.४.०, तुम्हाला माहीत असतीलच. जुना कोड मोडणारा बदल असेल तर पहिला वाढतो, जुनं न मोडता नवी सोय आली तर दुसरा, नुसती दुरुस्ती असेल तर तिसरा. मधलं टिंब दशांशाचं नाही, त्यामुळे १.१०.० ही १.९.० च्या नंतरची. पॅकेज.जेसनमध्ये आकड्याआधी कॅरेटची (^) खूण दिसते. ^१.४.० म्हणजे १.४.० पासून २.०.० च्या आधीपर्यंतची कुठलीही आवृत्ती चालेल. पण ^०.४.२ असेल तर ०.५.० च्या आतच थांबायचं, कारण शून्याने सुरू होणारं पॅकेज अजून स्थिरावलेलं नसतं. मुलाखतीत हे हमखास विचारतात.

हे आकडे लेखक स्वतः ठरवतो. ते खरे आहेत का, हे कुठलंही यंत्र तपासत नाही. जानेवारी २०२२ मध्ये कलर्स या अतिशय वापरात असलेल्या पॅकेजच्या लेखकानेच त्यात न संपणारा लूप घातला आणि १.४.१ ही वरवर किरकोळ दुरुस्तीची वाटणारी आवृत्ती काढली. कॅरेटच्या भरवशावर नव्याने इन्स्टॉल करणाऱ्यांच्या टर्मिनलवर कचरा छापला जाऊ लागला. अ‍ॅमेझॉनच्या सीडीके या क्लाऊडची मांडणी कोडमधून करण्याच्या साधनालाही त्याचा फटका बसला. ज्यांच्या लॉक फाईलमध्ये १.४.० होती आणि बिल्ड (कोडपासून तयार सॉफ्टवेअर बनवण्याचं काम) तिच्यावरूनच चालत होतं, त्यांच्यापर्यंत ते पोचलं नाही.

म्हणूनच बिल्ड सर्व्हरवर 'एनपीएम इन्स्टॉल' न वापरता 'एनपीएम सीआय' वापरायचं. ते पॅकेजेस जिथे बसतात ते आधीचं नोड-मॉड्यूल्स फोल्डर काढून टाकतं, लॉक फाईलबरहुकूम सगळं बसवतं आणि लॉक फाईल पॅकेज.जेसनशी जुळत नसेल तर सरळ थांबतं. ते थांबलं म्हणून चिडू नका, त्याचं कामच ते आहे.

एकदा माझ्याकडे एका बटणाचा रंग बदलणारा पुल रिक्वेस्ट (बदल तपासून मुख्य कोडमध्ये घेण्याची विनंती) आला. कोडच्या दोन ओळी, लॉक फाईलमध्ये मात्र शेकडो. मर्ज कॉन्फ्लिक्ट आला, म्हणजे दोघांचे बदल एकाच जागी भिडले, म्हणून सहकाऱ्याने लॉक फाईल डिलीट करून नवी बनवली होती. अप्रत्यक्ष, म्हणजे इतर पॅकेजेसनी आणलेली, पॅकेजेस एका झटक्यात पुढच्या आवृत्त्यांवर सरकली होती आणि तरीही टेस्ट हिरव्या, म्हणजे पास, होत्या. अशा वेळी मुख्य ब्रँचवरची लॉक फाईल परत घ्यायची आणि तिच्यावर 'एनपीएम इन्स्टॉल' चालवायचं, म्हणजे आपल्या बदलापुरत्याच ओळी हलतात. एखादं अनोळखी नाव दिसलं तर 'एनपीएम एक्स्प्लेन' आणि ते नाव द्या. कोणी आणलं, कुठल्या रेंजने (चालणाऱ्या आवृत्त्यांच्या मर्यादेने) आणलं, सगळी साखळी समोर येते.

लॉक फाईलने सगळंच भागत नाही. मार्च २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड हे अवघ्या अकरा ओळींचं पॅकेज लेखकाने काढून घेतलं आणि नवं जावास्क्रिप्ट जुन्या रूपात बदलणाऱ्या बेबलसकट असंख्य प्रोजेक्टचे बिल्ड अडले. आवृत्ती नोंदलेली असूनही फाईलच जागेवर नसेल तर काय बसवणार? त्यानंतर एनपीएमने पॅकेज मागे घेण्याचे नियम कडक केले. तरी पॅकेजेसची प्रत ठेवणारी स्वतःची रजिस्ट्री (पॅकेजेसचं कोठार) असणं मला आवश्यक वाटतं.

आवृत्त्या गोठवून वर्षानुवर्षं बसणंही तितकंच घातक. डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या जावातल्या नोंदी ठेवणाऱ्या पॅकेजमधली सुरक्षेची त्रुटी बाहेर आली, तेव्हा २.१५.० पासून २.१७.१ पर्यंतच्या दुरुस्त्या त्याच महिन्यात एकामागोमाग आल्या. अपडेट करण्याचा सराव नसलेल्या टीमला तो वेग झेपणं कठीण. माझं मत ठाम आहे: अपडेट थोडे थोडे, नियमित आणि वेगळ्या पुल रिक्वेस्टमध्ये घ्या. रिलीजच्या आदल्या दिवशी फक्त सुरक्षेची दुरुस्ती असेल तरच.

स्वतःचं पॅकेज प्रकाशित करायची वेळ आली की आधी 'एनपीएम पॅक' ड्राय-रन पर्यायासह चालवून कुठल्या फाईली बाहेर जाणार ते बघा. त्यात पासवर्ड असलेली एन्व्ह फाईल दिसली तर तिथेच थांबा. बीटा आवृत्तीला 'नेक्स्ट'सारखा वेगळा टॅग द्या, म्हणजे साधं इन्स्टॉल करणाऱ्याच्या हाती ती पडणार नाही. आणि एकदा वापरलेला आवृत्ती क्रमांक एनपीएमवर त्या पॅकेजसाठी पुन्हा वापरता येत नाही. १.४.० चुकली, तर तिला डेप्रिकेटेड करून, म्हणजे 'वापरू नका' असा शिक्का मारून, १.४.१ काढायची.