किती दिवस तग धरू? खरेदीच्या वहीतले दोन रकाने

मार्च २०२१ मध्ये 'एव्हर गिव्हन' हे ४०० मीटर लांबीचं जहाज सुएझ कालव्यात आडवं अडकलं, तेव्हा मी बातमी वाचली आणि पुढच्या कामाला लागले. आमचा एकही कंटेनर त्या जहाजावर नव्हता. २९ तारखेला कालवा मोकळा झाला, म्हणजे सगळा खोळंबा सहा दिवसांचा. त्यानंतर पाच आठवड्यांनी आमची असेंब्ली लाइन थांबली. कारण होतं पंपातली गळती रोखणाऱ्या मेकॅनिकल सीलमधली एक रबरी रिंग. ती जिथे बनते त्या कारखान्याचा कच्चा माल आधी कालव्याबाहेर रांगेत होता आणि नंतर बंदरावर एकदम लोटलेल्या कंटेनरांच्या गर्दीत रुतला.

मला खरं झोंबलं ते पुढचं. सीलसाठी आमचे दोन सप्लायर होते, आणि 'आपण एकावर अवलंबून नाही' असं मी दरवर्षी मीटिंगमध्ये मिरवत आले होते. दोघांनाही फोन केले. दोघंही तीच रिंग त्याच कारखान्यातून घेत होते.

मी एका मध्यम आकाराच्या पंप बनवणाऱ्या कंपनीत खरेदी आणि निर्यात बघते. त्या आठवड्यात मी एक वही सुरू केली. खाली लिहिलंय ते तिच्यातलं. युद्ध कुठे पेटेल, डॉलर कुठे जाईल, हे तिच्यात नाही. तसे अंदाज मीही आवडीने वाचते, पण त्यांच्यावर ऑर्डर देत नाही. वहीत दिवस मोजलेले आहेत, बस.

दोन आकडे

ज्या वस्तूवाचून काम अडतं अशा प्रत्येक वस्तूपुढे दोन रकाने करा. पहिला 'तग': ही वस्तू उद्यापासून यायची बंद झाली तर आपण किती दिवस चालू राहू. दुसरा 'सावर': ती दुसरीकडून मिळवून, तपासून, पुन्हा कामाला लागेपर्यंत किती दिवस जातील. तग सावरीपेक्षा मोठी असेल तर ठीक. लहान असेल तर ती ओळ लाल पेनाने.

यादी करताना सर्वांत महाग वस्तूपासून सुरुवात करू नका. महाग वस्तूवर सगळ्यांचीच नजर असते. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेचे प्राध्यापक डेव्हिड सिम्ची-लेव्ही यांनी फोर्डच्या पुरवठासाखळीचं साधारण याच पद्धतीने मोजमाप केलं होतं. त्यात दिसलं की सर्वांत मोठं नुकसान करू शकणारे काही सप्लायर असे होते, ज्यांच्यावर कंपनी अगदी किरकोळ खर्च करत होती. आमच्या रिंगचंही तेच. पंपाच्या किमतीत ती कुठे दिसतसुद्धा नाही.

'तग' टेबलावर बसून भरू नका, गोदामात जा. सिस्टीमवर सीलचा ४० दिवसांचा स्टॉक दिसत होता. स्टोअर सांभाळणारे काका मला रॅकपाशी घेऊन गेले आणि म्हणाले, "मॅडम, हे आकड्यात आहे, वापरात नाही." निम्मा माल बंद झालेल्या मॉडेलचा होता, थोडा रिजेक्ट होऊन परत जायच्या वाटेवर होता. खरी तग निघाली १७ दिवस.

'सावर' भरताना उलटी चूक होते. लोक नव्या सप्लायरचा लीड टाइम, म्हणजे ऑर्डरपासून माल येईपर्यंतचे दिवस, लिहितात आणि मोकळे होतात. नमुना मागवणं, तो तपासणं, ग्राहकाची मंजुरी, पहिला लॉट, हे सगळं त्यात धरायला हवं. आमच्याकडे नवा सील १००० तास चालवून बघतात. म्हणजे न थांबता जवळपास ४२ दिवस, आणि त्याला घाई करता येत नाही. म्हणून लाल ओळींसाठी मी आता चाचणी आधीच उरकून ठेवते, ऑर्डर द्यायची नसली तरी. नमुन्यांचा खर्च जातो. मालकांनी पहिल्या वर्षी त्यावर नाक मुरडलं होतं.

सप्लायरच्या मागे कोण

२०११ च्या जपानमधल्या भूकंपानंतर मोटारींच्या रंगाची गोष्ट गाजली. रंगाला चमक देणारं 'झिरालिक' नावाचं रंगद्रव्य मर्क कंपनीच्या ओनाहामा इथल्या एकाच कारखान्यात बनत होतं. तो बंद पडला आणि फोर्डला काही काळ्या आणि लाल छटांच्या गाड्यांच्या ऑर्डर घेणं थांबवावं लागलं. रंग देणारे कितीही असोत, चमक एकाच ठिकाणाहून येत होती.

हे आधी कसं कळणार? "तुमचा माल कोण देतं?" असं सरळ विचारलं तर सप्लायर सांगत नाही. त्याच्या जागी मीही सांगितलं नसतं. मी तीन प्रश्न विचारते: या भागाचा कच्चा माल किती कारखान्यांतून येतो, ते कोणत्या देशात आहेत, आणि तो तुमच्याकडे किती दिवसांचा पडून असतो. नाव न सांगता याची उत्तरं देता येतात, म्हणून बहुतेक जण देतात. दोन सप्लायरांची उत्तरं शब्दशः सारखी आली तर समजायचं की पाणी एकाच विहिरीचं आहे.

साठा करणं हाही उपाय आहे, पण सरसकट नाही. २०११ नंतर टोयोटाने सप्लायरांना काही चिप्सचा दोन ते सहा महिन्यांचा साठा ठेवायला लावला. २०२१ च्या चिपटंचाईत इतर कंपन्या थांबल्या तेव्हा टोयोटा त्यामुळे बराच काळ चालत राहिली. मात्र त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तिलाही जगभरातलं उत्पादन सुमारे ४० टक्क्यांनी कमी करावं लागलं. साठ्याने वेळ मिळतो, आणि त्या वेळात दुसरी वाट शोधावी लागते. मी लहान, स्वस्त, न खराब होणाऱ्या वस्तूंचाच साठा वाढवते. कास्टिंगचा, म्हणजे ओतीव भागांचा नाही, त्यात पैसा आणि जागा दोन्ही अडकतात.

माल वाटेत असताना

इथे बहुतेकांचं अज्ञान कागदावरच्या तीन अक्षरांत लपलेलं असतं. इन्कोटर्म्स २०२० या आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या अटींनुसार सीआयएफमध्ये (किंमत, विमा, भाडं) जहाजभाडं आणि विमा विकणारा भरतो, म्हणून खरेदीदाराला वाटतं की माल पोचेपर्यंत जोखीम विकणाऱ्याचीच. तसं नाही. माल जहाजावर चढला की जोखीम खरेदीदाराची होते. शिवाय सीआयएफमध्ये विकणाऱ्यावर किमान संरक्षणाच्या विम्याचंच बंधन असतं. तुम्ही निर्यातदार असाल तर आणखी एक बघा. कंटेनरच्या मालाला सवयीने एफओबी ही अट लिहितात. माल बंदरातल्या टर्मिनलवर सोपवल्यापासून जहाजावर चढेपर्यंतचे दिवस मग तुमच्या जोखमीवर जातात. एफसीए या अटीत तो वाहतूकदाराच्या ताब्यात दिला की तुम्ही सुटता.

विम्याची पॉलिसी काढून दोन गोष्टी वाचा. एक, मालविम्यात उशिरामुळे झालेलं नुकसान सहसा धरत नाहीत. दुसरी, युद्ध आणि संप यांचं संरक्षण वेगळं घ्यावं लागतं. आणि विमा अजिबात नसेल तर 'जनरल अ‍ॅव्हरेज' हा शब्द पाठ करून ठेवा. जहाज वाचवण्यासाठी झालेला खर्च त्यावरच्या सगळ्या मालाच्या मालकांनी वाटून घ्यायचा, असा हा जुना नियम. 'एव्हर गिव्हन'च्या मालकाने तो लागू केला. जहाज कालव्यातून सुटल्यावरही इजिप्तमध्ये रोखून ठेवलं होतं, ते ७ जुलैला निघालं. त्यात ज्यांचा माल होता, त्यांना तो ताब्यात घेण्याआधी हमी द्यावी लागली. ज्यांचा विमा होता त्यांची हमी विमा कंपनीने दिली. बाकीच्यांवर रोख अनामत भरायची वेळ येते.

चलन

यावर थोडक्यात, कारण नियम एकच आहे: पक्की ऑर्डर असेल तेवढ्या रकमेचं फॉरवर्ड कव्हर (पुढच्या तारखेचा दर बँकेशी आजच पक्का करणं) घ्या, येईल-येईल म्हणणाऱ्या ऑर्डरचं नको. एका वर्षी मी कव्हर न घेता बसले आणि नफा झाला. पुढच्या वर्षी त्याच तोऱ्यात पुन्हा बसले आणि तो नफा व्याजासकट परत गेला. १५ जानेवारी २०१५ ला स्विस मध्यवर्ती बँकेने युरोसाठी धरून ठेवलेली १.२० फ्रँकची किमान पातळी न सांगता सोडून दिली आणि त्याच सकाळी एक युरो एका फ्रँकच्याही खाली गेला. आम्ही पंप बनवतो, चलनावर पैजा लावत नाही, ते बरं. कोटेशनवर मात्र मुदत लिहा. माझी मुदत १५ दिवस, आणि ती संपली की ग्राहक कितीही जुना असो, नवं कोटेशन जातं.

आधी कळणं

१७ मार्च २००० ला अमेरिकेत अल्बुकर्कीमधल्या फिलिप्सच्या चिप कारखान्याला वीज पडून आग लागली. दहा-एक मिनिटांत विझली. फिलिप्सने नोकिया आणि एरिक्सन या मोबाइल बनवणाऱ्या दोन्ही ग्राहकांना साधारण आठवड्याचा उशीर होईल असं कळवलं. नोकियाने तो भाग खास देखरेखीच्या यादीत टाकला, रोज फोन सुरू केले आणि धुरामुळे लाखो चिप्स वाया गेल्याचं कळताच दुसरीकडची क्षमता अडवून ठेवली. एरिक्सन वाट बघत बसली. तिचं नुकसान सुमारे ४० कोटी डॉलरवर गेलं. बातमी दोघांना एकच मिळाली होती.

लाल ओळीतल्या सप्लायरने 'थोडा उशीर' म्हटलं की मी तीन दिवस रोज एकच प्रश्न विचारते: आज किती नग बनले? तारीख कोणीही गोड बोलून देतो, नगांचा आकडा देताना मात्र अडखळतो.

हे फोन करता यावेत म्हणून नंबर कागदावर छापून ठेवा. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या व्हायरसने मर्स्कसारख्या बड्या जहाज कंपनीचे संगणक जगभर बंद पाडले. घानामधल्या ऑफिसची वीज गेलेली होती म्हणून तिथला एक सर्व्हर वाचला, आणि त्यावरून बाकीचं उभं केलं गेलं. नेटवर्कपासून तोडलेला एक बॅकअप आपण मुद्दाम ठेवू शकतो, वीज जायची वाट कशाला बघायची? आणि सप्लायरचं 'आमचं बँक खातं बदललं आहे' असं ईमेल आलं, तर त्या ईमेलमधल्या नंबरवर नाही, छापील यादीतल्या नंबरवर फोन करा.

जादा दिवस विकता येतात

वही सुरू केली तेव्हा ती भीतीची वही होती. २०२३ च्या नोव्हेंबरपासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि आशिया-युरोप मार्गावरची बरीचशी जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली. वाटेत दहा ते चौदा दिवस वाढले. एका जुन्या ग्राहकाने सुट्या भागांसाठी घाईचं ईमेल केलं. मी वही उघडली आणि पहिल्यांदाच लाल ओळी सोडून बाकीच्या वाचल्या. काही सील किटची तग सावरीपेक्षा ५० दिवसांनी जास्त होती. म्हणजे तेवढा माल मी निर्धास्तपणे ग्राहकाच्या जवळच्या गोदामात नेऊन ठेवू शकत होते. तसं कळवलं. त्याने दरावर घासाघीस न करता वर्षाचा करार केला. त्याला किटपेक्षा आपला पंप बंद राहणार नाही याची खात्री हवी होती. जगात कुठेही गडबड झाली की मी आता आधी बघते, या वेळी दिवस कोणाचे कमी पडणार आहेत आणि माझ्याकडे जादा आहेत का.

दुसरी संधी नियमांतून येते, आणि ती आधी सांगून येते. युरोपीय संघाच्या कार्बन सीमाशुल्काचा (माल बनवताना सोडलेल्या कार्बनवर आयातीत लागणाऱ्या शुल्काचा) अहवाल देण्याचा टप्पा ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झाला आणि मुख्य टप्पा १ जानेवारी २०२६ पासून. त्यात लोखंड-पोलाद, अ‍ॅल्युमिनियम, सिमेंट, खतं, वीज आणि हायड्रोजन. पंप त्या यादीत नाहीत, म्हणून मी फाइल मिटली होती. तरी एका ग्राहकाचा तक्ता आलाच: तुमच्या कास्टिंगमागे कार्बन किती? आमच्या फाउंड्रीने भट्टीला वेगळं वीजमीटर लावलं होतं, तेही स्वतःचं बिल समजावं म्हणून. त्यामुळे आठवड्यात आकडे देता आले. यादीत आपण असू वा नसू, भट्टीचं मीटर लावून घ्यावं.

आयातशुल्काच्या संधीबाबत मी सावध आहे. २०१८ पासून अमेरिकेने चिनी मालावर शुल्क वाढवलं, खरेदी इतर देशांकडे वळली, आणि २०२३ मध्ये अमेरिकेला सर्वाधिक माल विकणारा देश मेक्सिको ठरला. ज्यांनी आधीपासून तयारी केली त्यांचं भलं झालं. पण २ एप्रिल २०२५ ला जाहीर झालेलं वाढीव शुल्क ९ एप्रिलला बहुतेक देशांसाठी ९० दिवस लांबणीवर टाकलं गेलं. सात दिवसांत बदलणाऱ्या गोष्टीवर सात वर्षांचं कर्ज काढू नये. शुल्कामुळे नवा ग्राहक आला तर आधी आहे त्या मशीनवर दुसरी पाळी चालवा, लागली तर मशीन भाड्याने घ्या. मागे फिरता येईल अशा पायऱ्या आधी. आणि मूळ देशाचा दाखला नीट समजून घ्या. बाहेरून आलेला माल खोक्यात भरून लेबल बदललं म्हणून त्याचा मूळ देश बदलत नाही. कस्टममध्ये हे उघडं पडलं तर ग्राहकही जातो.

वही कधी उघडायची

सोमवारी सकाळी, अर्धा तास. खरेदी, स्टोअर आणि विक्री यांचं एकेक माणूस, उभ्याउभ्या. फक्त लाल ओळी आणि ज्यांचे आकडे आठवड्यात दहा दिवसांहून जास्त हलले त्या. प्रत्येक आकड्यापुढे तो शेवटचा कधी तपासला ती तारीख आणि तपासणाऱ्याची सही. तीन महिने जुना आकडा मी खोडून टाकते, कारण रिकामा रकाना डोळ्यांत खुपतो आणि कोणीतरी तो भरायला उठतो.

या सोमवारी लाल ओळी दोन होत्या. रिंगची ओळ आता काळी आहे: तग ७४, सावर ५८. लाल ओळींतली एक म्हणजे पंपाच्या मोटरचा वेग सांभाळणाऱ्या ड्राइव्हमधली चिप, तग ३८, सावर ७०. तिच्या पर्यायाचे नमुने बुधवारी येतायत आणि चाचणीच्या बाकावर तोपर्यंत जागा करायची आहे.