ओळखीच्या लोककथेतून इंग्रजी कसं शिकवावं

इंग्रजीच्या तासाला मुलांची दुहेरी अडचण होते: भाषा नवी आणि गोष्टही नवी. त्यातलं एक ओझं आपण उतरवू शकतो. म्हातारी आणि भोपळ्याची गोष्ट ज्याला पाठ आहे, त्याला वाघ काय म्हणणार ते आधीच ठाऊक असतं. मग वाघ ते इंग्रजीत कसं म्हणतो, इकडे त्याचे कान लागतात.

गोष्ट निवडताना तेच वाक्य पुन्हा पुन्हा येतं ना, एवढं बघा. भोपळ्याच्या गोष्टीत वाटेत भेटणारा प्रत्येक प्राणी म्हातारीला खायला उठतो आणि तिचं उत्तर ठरलेलं असतं. पुस्तकातली चित्रं मोठी हवीत, पानावर इंग्रजीची एक-दोनच वाक्यं. 2015 मध्ये सुरू झालेल्या स्टोरीवीव्हर या प्रथम बुक्सच्या संकेतस्थळावर अनेक भाषांतली चित्रपुस्तकं मोफत मिळतात. हवी ती गोष्ट सापडली नाही, तर चित्रं मुलांकडूनच काढून घ्या.

आधी गोष्ट मराठीतच रंगवून सांगा. वेळ कमी आहे म्हणून ही पायरी गाळू नका.

दुसऱ्या दिवशी मजकूर झाकून नुसती चित्रं दाखवा. "हू इज कमिंग?" असं विचारल्यावर कुणी 'वाघ' म्हणालं, तर "येस, अ टायगर!" म्हणून पुढे जा.

आता वाचन. बोट चित्रावर, आवाज पात्राचा. वाघ गुरगुरतो, "आय विल ईट यू!" म्हातारी म्हणते, "वेट! लेट मी गेट फॅट फर्स्ट." पुढे कोल्हा आला की "वेट! लेट मी..." इथे थांबा. घाई करू नका, वाक्य वर्गाला पूर्ण करू द्या. ओळीओळीला मराठी अर्थ सांगणं मात्र कटाक्षाने टाळा. त्याची सवय लागली की मुलं इंग्रजी ऐकतच नाहीत, अर्थाची वाट बघत बसतात. 'टुणूक टुणूक' तेवढं तसंच ठेवा, तिथे सगळा वर्ग सूर मिळवतो.

मग गोष्ट अंगाने करून घ्या: "रोल!", "रन!", "स्टॉप!" सूचना ऐकून कृती करण्याची ही पद्धत जेम्स ॲशर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1960 च्या दशकात विकसित केली. बोलायला लाजणाऱ्या मुलांना तिचा फार आधार वाटतो, कारण तोंड न उघडताही आपल्याला कळलंय हे त्यांना दाखवता येतं.

लेखन सगळ्यात शेवटी. म्हातारीला अस्वल भेटलं तर? प्रत्येकाने एक नवा प्राणी काढायचा, खाली दोन इंग्रजी वाक्यं लिहायची. पानं शिवून पुस्तक करा आणि खालच्या वर्गाला ते मुलांनाच वाचून दाखवू द्या.