द्राक्षाचा जॅम काढताय? आधी कॅलेंडर उलटं वाचा

नाशिकची द्राक्षं साधारण जानेवारी ते एप्रिल. या काळात चाचणी चुकली, तर पुढची संधी थेट वर्षानेच. म्हणून माल दुकानात कधी हवा ते आधी ठरवा आणि तिथून मागे मोजत या.

सगळ्यात जास्त वेळ खातं ते टिकाऊपण. ‘सहा महिने टिकतो’ असं छापायचं, तर काही बाटल्या खरोखर सहा महिने ठेवून पाहाव्या लागतात. जास्त तापमानात ठेवून प्रयोगशाळेत लवकर अंदाज घेता येतो, पण तो अंदाजच. तेव्हा पहिल्या बॅचच्या दहा-बारा बाटल्या तारीख घालून बाजूला काढा आणि दर महिन्याला एक उघडा. (घरच्यांना आधी बजावून ठेवा, नाहीतर निम्म्या बाटल्या पोळीबरोबर जातील.)

दुसरी गोम मोठ्या बॅचची. घरी किलोभर जॅम झकास होतो. तोच वीस किलो केला की काळपट पडतो. मोठ्या कढईत पाणी सावकाश आटतं, साखर जास्त वेळ तापते. त्यामुळे ‘वीस मिनिटं शिजवा’ लिहू नका. रिफ्रॅक्टोमीटर (साखरेचं प्रमाण मोजणारं छोटं उपकरण) घ्या आणि ६५ ब्रिक्स, म्हणजे साधारण ६५ टक्के साखर, गाठल्यावर गॅस बंद करा. प्रत्येक खेपेला एकच गोष्ट बदला, वहीत लिहा.

लेबलं मात्र शेवटी. सुरुवातीला साध्या बाटलीवर छोट्या संख्येतले स्टिकर पुरतात, फक्त एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा) क्रमांक विसरू नका. हजारोंच्या संख्येत छापून घेतलं आणि नंतर घटकांची यादी बदलली, तर सगळी रद्दी.